दप्तर कोणाचे?

'दप्तर' हा शब्द कानावर पडला की आज आपल्या डोळ्यांपुढे पाठीवर पिशवी घेऊन शाळेला निघालेले मूल उभे राहते. पण शब्द मूळचा फारसी, आणि त्याचा अर्थ राजदरबारी लिहून ठेवलेले कागद, त्यांच्या वह्या, आणि ते जेथे ठेवले जातात ती जागा. मराठीत या शब्दाभोवती जे वाक्प्रचार जमले आहेत ते मात्र मोठे बोलके आहेत. एखादा अर्ज 'दप्तरी दाखल' झाला म्हणजे त्याचे पुढे काही व्हायचे नाही, असे आपण समजून चालतो. एखादे प्रकरण 'बासनात गुंडाळले' म्हणजे ते संपलेच. कागद आत जातो तो बाहेर यायचा नाही, हा अनुभव लोकांनी पिढ्यान् पिढ्या घेतला, म्हणूनच तो भाषेत असा मुरला. आत गेलेला कागद बाहेर यावा, तो सामान्य माणसाला पाहता यावा, यासाठी आपल्याकडे काय काय घडले आणि अजून काय व्हायचे राहिले आहे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

यासाठी पुण्याच्या पेशवे दप्तराइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. पेशव्यांचा कारभार मोठा कागदी होता. फडावर कारकून बसलेले असत आणि जमेची, खर्चाची, इनामाची, फौजेची, न्यायनिवाड्याची नोंद रोजच्या रोज होई. एल्फिन्स्टनने १८१९ साली नव्याने जिंकलेल्या मुलखासंबंधी आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यात या हुजूर दप्तराच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या आणि दप्तराची आबाळ झाली, हेही त्याने नमूद केले आहे. १८१८ मध्ये राज्य गेले. निशाण उतरले, फौजा पांगल्या, कागद मात्र राहिले. मॅक्लिऑड नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याकडे ते गोळा करून लावण्याचे काम सोपविण्यात आले.

आता इंग्रजांना या मोडी कागदांचे एवढे अगत्य का वाटावे? काही इतिहासप्रेमाने नव्हे. कोणत्या गावचा वसूल किती, कोणती जमीन इनाम, ती कोणी कोणाला कधी दिली, वंशपरंपरेने दिली की हयातीपुरती, हे सारे त्या कागदांत होते. सारा बसवायचा तर हे ठाऊक हवे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मग या दप्तराला विलक्षण धार आली. इनामदाराने आपली सनद दाखवावी, कमिशनच्या अंमलदाराने ती दप्तराशी ताडून पाहावी, आणि ताळा न पडल्यास इनाम खालसा करावे, असा प्रकार सुरू झाला. दख्खनेत आणि दक्षिण महाराष्ट्रात अनेक घराण्यांची इनामे अशी गेली. १८५७ च्या आधी या प्रदेशात जो असंतोष धुमसत होता, त्याच्या कारणांत इनाम कमिशनचे नाव इतिहासकार घेतात ते याचमुळे.

यातला मुख्य मुद्दा ध्यानात घ्यावा. खटल्यात दोन पक्ष होते, सरकार आणि इनामदार. पुराव्याची कोठी मात्र एकाच पक्षाच्या ताब्यात होती. सरकारला हवा तो कागद सरकार काढी. इनामदाराने म्हणावे, 'अहो, माझ्या आजोबांच्या नावाची नोंद तुमच्या दप्तरात आहे, ती काढा,' तर ती काढायची की नाही हेही सरकारच ठरवी. पुढे पुण्यात या दप्तरासाठी दगडी इमारत उभी राहिली, ती १८९१ च्या सुमारास. तिला नाव मिळाले 'एलिएनेशन ऑफिस'. एलिएनेशन म्हणजे सरकारसाऱ्यातून सुटलेल्या, इनाम दिलेल्या जमिनी. नावावरूनच हेतू उघड होतो. मराठ्यांच्या इतिहासाची सर्वांत मोठी ठेव जमीनमहसुलाच्या एका कचेरीत कुलूपबंद होती.

आता अभ्यासकांची गोष्ट. ग्रँट डफ हा साताऱ्यास रेसिडेंट होता, त्याला कागद पाहावयास मिळाले, आणि १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. पुढे चाळीसएक वर्षांनी नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्या इतिहासावर टीका लिहिली. डफच्या ग्रंथातील उणिवा त्यांनी दाखविल्या खऱ्या, पण ज्या कागदांवरून डफने लिहिले ते मोकळेपणी पाहण्याची सोय एतद्देशीय टीकाकारास नव्हती. इतिहास आमचा आणि कागद आमच्या पूर्वजांचे, पण ते पाहण्याचा परवाना साहेबाचा.

दार बंद दिसल्यावर आपल्या लोकांनी काय केले, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी सरकारी दाराशी बसून राहण्याऐवजी घराघरांतली दारे ठोठावली. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघाले आणि बखरी, पत्रे छापली जाऊ लागली. आपल्या गुहागरचे वासुदेवशास्त्री खरे मिरजेस शिक्षक होते. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तराला हात घातला आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडामागून खंड काढला. संसार शिक्षकाच्या पगारावरचा, आणि पदरचे कष्ट घालून केलेले हे काम. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी तर गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, अडगळीतून कागद मिळविले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि बावीस खंडांपर्यंत ही माला गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे हेच होते. सरकारचा दप्तरखाना मिटलेला, म्हणून लोकांनी आपला स्वतःचा दप्तरखाना उभा केला, असे म्हटले तरी चालेल.

सरकारी दार अगदीच हलले नाही असे मात्र नव्हे. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून उतारे निवडून काढले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या आधारे १९०० साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे आपला निबंध वाचला. लढायांच्या पलीकडे पेशवाईत काय होते, म्हणजे कर, टांकसाळी, न्याय, दारूबंदी, सामाजिक निर्बंध, हे त्यात लोकांना प्रथमच नीट दिसले. वाडांचे उतारे पुढे पुस्तकरूपाने निघाले. पण ही सारी एकट्यादुकट्या माणसाला मिळालेली मेहेरबानी होती. हक्क नव्हता.

ही मेहेरबानी जरा सैल झाली ती १९२९ मध्ये. त्या वर्षी मुंबई सरकारने या दप्तरातून निवडक कागद छापण्याचे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे दिले. सरदेसाई म्हणजे आपले रियासतकार, याच रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावी १८६५ साली जन्मलेले. बडोद्याची दीर्घ नोकरी संपवून ते १९२५ मध्ये निवृत्त झाले होते. त्यांची निवड व्हावी म्हणून कलकत्त्याकडचे थोर इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांनी आपले वजन खर्च केले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी रियासतकार त्या दगडी इमारतीत शिरले, तेव्हा आत काय होते? त्या वेळच्या गणतीप्रमाणे एकूण ३४,९७२ रुमाल. त्यांपैकी २७,३३२ मराठी, ७,४८२ इंग्रजी, १२९ फारसी आणि २९ गुजराती. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे बरे का! कागद ज्या मोठ्या फडक्यात बांधून ठेवीत ते फडके, आणि त्यावरून त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणू लागले. एकेका रुमालात शेकडो कागद. शाहू दप्तर, रोजकीर्दी, घडणी, प्रांत अजमास, पागा, आणि आम्हा कोकणवासीयांच्या जिव्हाळ्याचे आंग्रे दप्तर, असे त्याचे विभाग.

मोडी वाचणारे मदतनीस हाताशी घेऊन रियासतकारांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढले. पानिपत, वसईची मोहीम, जंजिऱ्याचा सिद्दी, आंग्रे अशा कितीतरी प्रकरणांची अस्सल पत्रे लोकांच्या हाती आली. पण याहूनही मोठे काम दुसरेच होते, असे मला वाटते. १९३३ मध्ये या दप्तराची मार्गदर्शक पुस्तिका निघाली. कोणत्या विभागात कोणत्या तऱ्हेचे कागद आहेत, हे त्यातून बाहेरच्या माणसाला प्रथमच कळले. निवडक कागद छापणे म्हणजे तुम्हाला शिजवलेला घास भरविणे, आणि यादी देणे म्हणजे कोठाराची वाट दाखविणे. निवड करणारा कितीही थोर असो, निवड ही त्याची असते. रियासतकारांना राजकारण महत्त्वाचे वाटले म्हणून खंडांत राजकारण आले. उद्या एखाद्याला कोळ्यांच्या मचव्यांचा, मिठागरांचा, कुळंबिणींचा वा दुष्काळाचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याला छापील खंड पुरणार नाहीत. त्याला रुमालच सोडावा लागेल.

जगातही हा विचार एका रात्रीत आला नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९४ च्या कायद्याने सार्वजनिक दप्तरातील कागद पाहण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क मान्य झाला. इंग्लंडने १८३८ मध्ये पब्लिक रेकॉर्ड ऑफिसचा कायदा केला. त्याच इंग्रजांनी हिंदुस्थानात मात्र दप्तर बंद ठेवावे, यात विसंगती दिसते खरी. पण जरा विचार केला तर ती उकलते. दप्तर हे हक्काचे साधन आहे, हे इंग्रज ओळखून होता. आपल्या देशात त्याने ते नागरिकाच्या हाती दिले आणि येथे राखून ठेवले, कारण येथे नागरिक नव्हतेच, प्रजा होती. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. दिल्लीच्या इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंटचे राष्ट्रीय अभिलेखागार झाले. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने तीस वर्षांपलीकडचे, गोपनीय नसलेले आणि अभिलेखागारात जमा झालेले केंद्राचे कागद अभ्यासकांना पाहू देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने २००५ चा आपला स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराने तर प्रत्येक सरकारी कचेरीवर आपले कागद सूचीबद्ध करून ठेवण्याचे कर्तव्यच घातले.

मग प्रश्न सुटला का? रत्नागिरीचीच दोन उदाहरणे घेऊ.

पहिले थिबा राजाचे. ब्रह्मदेशचा हा पदच्युत राजा १८८६ मध्ये रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. आपण परगावच्या पाहुण्याला थिबा पॅलेस दाखवितो आणि राजाविषयी चार ऐकीव गोष्टी सांगतो. पण राजाला तनखा किती मिळे, त्याची कर्जे काय होती, वाडा बांधायला १९१० साल का उजाडले, त्याने सरकारला कोणकोणत्या विनंत्या केल्या, हे ऐकीव गोष्टींत नाही. ते सरकारी फायलींत आहे. वॉल्टर सद्गुण देसाई यांचा १९६७ मधला ग्रंथ आणि सुधा शाह यांचा २०१२ मधला ग्रंथ, हे दोन्ही अशा कागदांच्या पायावर उभे आहेत. कागद खुले झाले म्हणून एका परक्या, दुःखी कुटुंबाची खरी हकिगत जगाला आणि आपल्यालाही कळली. पण गंमत पाहा, घडले रत्नागिरीत आणि ते वाचायचे तर वाट मुंबईची वा दिल्लीची! जिल्ह्याच्या इतिहासाचे कागद जिल्ह्यापासून दूर, हे आपल्याकडचे नेहमीचे दुखणे आहे.

दुसरे उदाहरण खोतीचे. या जिल्ह्यात खोत आणि कुळे यांचा झगडा शतकभर चालला. १८८० चा खोती कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. या साऱ्या काळात कोण कूळ, कोण धारेकरी, कोणी किती मक्ता द्यायचा, हे ठरत होते ते पाहणीच्या आणि बोटखतांच्या नोंदींवरून. खोताच्या घरी कागद होते आणि वाचणारा कारकून होता. कुळाच्या घरी बहुधा दोन्ही नव्हते. म्हणजे पुण्यात सरकार आणि इनामदार यांत जे घडले, तेच येथे खोत आणि कूळ यांत घडले. ज्याच्या हाती कागद, त्याचे पारडे जड. आजही वाडीतल्या जमिनीचा वाद निघाला की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, 'जुना कागद काढा.' तो काढायचा तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जावे लागते. फी भरून नक्कल मिळते, अनेक जुने उतारे आता संगणकावरही आले आहेत, हे चांगलेच आहे. पण नक्कल हाती पडते आणि पुढे काय? ती मोडीत असते!

येथे खरी मेख आहे. पूर्वी कुलूप दाराला होते, आता ते अक्षराला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शिकलेली माणसे घरोघर होती. छापखान्याने बाळबोध पुढे आणली, मोडी शाळेतून गेली, आणि दोन पिढ्यांत अशी स्थिती झाली की आजोबांचे हस्ताक्षर नातवाला परक्या देशातल्या लिपीसारखे दिसावे. याचा प्रत्यय २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने घेतला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी त्या वर्षी सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गावोगावच्या कचेऱ्यांतून कोतवाल बुके, जन्ममृत्यूचा नमुना चौदा, शाळांची प्रवेशरजिस्टरे, जुनी महसुली दप्तरे बाहेर निघाली. आरक्षणाच्या त्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध बोलणे हा माझा आजचा विषय नव्हे. मला दिसते ते एवढेच की पणजोबांच्या नावापुढे शंभर वर्षांपूर्वी कारकुनाने ओढलेल्या दोन शब्दांवर पणतवाचे कॉलेजातले स्थान अवलंबून राहू शकते. आणि ते दोन शब्द वाचायला माणूस हवा, तर मोडी जाणणारांचा शोध घेत हिंडावे लागले. जुना कागद म्हणजे पंडितांचा छंद, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर काय द्यावे?

कोणी म्हणेल, सर्वांना सर्व कागद पाहू दिले तर ते फाटतील, चोरीस जातील, त्यांत खाडाखोड होईल. ही भीती खोटी नाही. जमिनीचा वाद असला की एखाद्या पानावर कोणाचा डोळा असेल ते सांगता येत नाही. पण याचा उपाय कागद कोंडणे हा नव्हे. कोंडलेला कागदही सुरक्षित नसतो. आपल्या कोकणात चार महिने पाऊस, हवा दमट, वाळवी आणि कसर बारमाही. न उघडलेले गाठोडे वीस वर्षांनी उघडले तर आत भुसा मिळतो. उलट ज्या कागदाची यादी झाली, पानांवर आकडे पडले, छायाचित्रित प्रत निघाली, त्याचे एक पान गेले तरी ते गेल्याचे लगेच कळते. ज्याची नोंदच नाही त्याची चोरी पकडणार कशी? म्हणून मूळ कागद जपावा आणि प्रत मोकळी करावी, हा मधला मार्ग आहे. हयात माणसांच्या खासगी गोष्टींना पडदा हवा, हेही मान्य. पण त्या पडद्याची मुदत कायद्याने ठरलेली असावी, कचेरीतल्या माणसाच्या मर्जीने नव्हे.

आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहा. तेथील पोर्तुगीज दप्तरखाना १५९५ पासूनचा. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर हे पोर्तुगीज अमदानीत त्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी आयुष्यभर तेथील कागद अभ्यासून प्रसिद्ध केले. मराठ्यांच्या इतिहासातली कितीतरी पाने त्या परक्या भाषेतल्या कागदांनी भरून निघाली. तेव्हा दप्तरखान्याला भिंती, कपाटे आणि कुलपे लागतात तशी माणसेही लागतात. भाषा आणि लिपी जाणणारी, आणि समोर आलेल्या माणसाला 'काय हवे आहे तुम्हाला?' असे आपुलकीने विचारणारी माणसे.

मग आपण काय करावे? मोठ्या योजना सरकार करील. आपल्या हातचे तेवढे मी सांगतो. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग भरतात. प्रत्येक तालुक्यात चार शिक्षकांनी, चार विद्यार्थ्यांनी ती लिपी शिकून घ्यावी. काही महिन्यांच्या सरावाने ती वाचता येते. घरात पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यामागे, माळ्यावर जुने कागद असतील तर ते विसर्जन करू नयेत, रद्दीतही घालू नयेत. त्यांची छायाचित्रे काढावीत आणि जवळच्या महाविद्यालयात वा संशोधन संस्थेत दाखवावेत. देवस्थानांच्या, शाळांच्या, नगरपालिकांच्या जुन्या वह्या कोठे आहेत याची निदान यादी व्हावी. आणि कचेरीत जुन्या कागदाची मागणी करताना आपण कोणाची भीड घालतो आहोत असे वाटू देऊ नये. तो अर्ज हक्काचा आहे.

वासुदेवशास्त्र्यांना, राजवाड्यांना, रियासतकारांना जे कागद आयुष्य वेचून मिळवावे लागले, ते आज आपल्याला एका अर्जावर मिळू शकतात. कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. अर्ज करणारे आणि मिळालेला कागद वाचणारे, एवढीच आता उणीव आहे, आणि ती भरून काढणे आपल्या हाती आहे.